गोल पार्ट असेंब्लीत नीट बसवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाफ्ट, बुश, बेअरिंग, पुली, फ्लँज, कपलिंग. कुठलंही यंत्र उघडा, आत गोल पार्ट सापडतातच. आणि कॅडमध्ये असेंब्ली शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतात तेही हेच. चौकोनी ठोकळ्याला धरायला सहा बाजू असतात. गोल पार्ट मात्र हातातून निसटतो.

शब्दांबद्दल आधी एक सांगतो. दोन पार्ट एकमेकांशी कसे जुळायचे हे सांगणाऱ्या ज्या अटीला सॉलिडवर्क्स आणि ऑनशेपमध्ये मेट म्हणतात, तिला इन्व्हेंटर, कॅटिया आणि क्रिओमध्ये कन्स्ट्रेंट, सॉलिड एजमध्ये रिलेशनशिप, तर फ्यूजन आणि फ्रीकॅडमध्ये जॉइंट म्हणतात. खाली मी सोयीसाठी बहुतेक ठिकाणी 'मेट' हाच शब्द वापरला आहे.

माझं मत असं की प्रत्येक मेटच्या मागे खऱ्या यंत्रातला एखादा खरा स्पर्श असावा. शाफ्ट कशाला टेकतो, त्याला सरकू कोण देत नाही, फिरू कोण देत नाही, हे ठरलं की मेट कुठला द्यायचा ते वेगळं ठरवावं लागत नाही. म्हणून उत्तरांत बटणं कमी आणि हा विचार जास्त सापडेल.

शाफ्टला कॉन्सेंट्रिक मेट दिला, तरी तो सरकतो आणि फिरतो. मेट लागला नाही का?

लागला आहे. त्याचं काम तेवढंच आहे.

मोकळ्या पार्टला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. दोन दंडगोल एका अक्षावर आणले की त्यातल्या चार जातात. शाफ्ट आडवा किंवा वर-खाली सरकू शकत नाही आणि दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला कलू शकत नाही. उरतं ते अक्षावरून पुढे-मागे जाणं आणि स्वतःभोवती फिरणं.

आता शाफ्टचा शोल्डर (व्यास बदलतो ती पायरी) बेअरिंगच्या फेसला टेकवणारा कोइन्सिडंट मेट द्या. सपाट फेसवर सपाट फेस हा मेट एकटाच असता तर त्याने तीन हालचाली बंद केल्या असत्या: एक सरकणं आणि दोन कलणं. पण कलणं आधीच बंद आहे. त्यामुळे इथे त्याने नव्याने एकच हालचाल थांबवली. चार आणि तीन मिळून इथे पाचच होतात.

हा हिशोब नीट समजून घ्या, कारण 'ओव्हर-डिफाइन्ड'च्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं. शाफ्ट कलू नये हे आता दोन्ही मेट सांगत आहेत. शोल्डर अक्षाला अगदी काटकोनात आहे तोवर दोघांचं एकमत असतं. उद्या कुणी त्या फेसला अर्ध्या अंशाचा उतार दिला की दोघांचं जुळत नाही आणि मेट लाल होतो.

उरलेलं फिरणं बंद करावं का?

खऱ्या यंत्रात ते कोण बंद करतं, ते बघा.

पुली, रोलर, गिअर फिरण्यासाठीच आहेत, त्यांना मोकळं ठेवा. असेंब्ली ट्रीमध्ये त्यांच्या नावापुढे 'अंडर-डिफाइन्ड'ची खूण दिसली तरी तिच्यामागे लागू नका. वॉशर, बुश, डॉवेल पिन यांच्या फिरण्याने काहीच बदलत नाही. तिथे कॉन्सेंट्रिक मेटमधला 'लॉक रोटेशन' पर्याय पुरतो. तिसरा गट मात्र सांभाळण्याचा: ज्यांचं बाह्यरूप गोल आहे पण ज्यांच्यावर भोकं, की-वे (की बसवायची खाच), ग्रीस निपल, टर्मिनल बॉक्स असं काहीतरी आहे. अशा पार्टचं फिरणं खऱ्या फीचरच्या आधाराने बंद करायचं. 'लॉक रोटेशन' त्याला ज्या कोनात सापडला त्या कोनात गोठवतो, आणि तो कोन बरोबर असेलच असं नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. एका कामात फ्लँजवर बसणाऱ्या मोटरचं फिरणं मी मोकळं सोडलं होतं. मॉडेल बघताना कुणाच्या तरी हाताने ती ९० अंशांनी फिरली, भोकं पुन्हा भोकांवरच आली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ड्रॉइंग तसंच गेलं. जोडणीच्या वेळी टर्मिनल बॉक्स मशिनच्या फ्रेमकडे तोंड करून होता आणि केबल आत घालायला जागाच नव्हती.

कॉन्सेंट्रिक देताना काय निवडायचं: गोल फेस, गोल कड की अक्ष?

पहिली पसंती दंडगोल फेसला. कडेवर दिलेला मेट दिसायला तोच, पण कड टिकत नाही. पुढे त्या कडेला चॅम्फर (तिरका काप) किंवा फिलेट (गोलाई) दिला की जुनी कड नाहीशी होते आणि तिच्यावर टांगलेला मेटही तुटतो. भोकाच्या तोंडाशी चॅम्फर येणं ही तर ठरलेलीच गोष्ट आहे.

अक्ष निवडणं सगळ्यात टिकाऊ, विशेषतः पार्टमध्ये तुम्ही स्वतः बनवलेला आणि नाव दिलेला अक्ष. मोठ्या असेंब्लीत, जिथे पार्टची नवी आवृत्ती येत राहते, तिथे ही मेहनत वसूल होते.

आणि फेस निवडताना जो खरोखर टेकतो तोच निवडा. पायऱ्यांच्या शाफ्टवर आज सगळ्या पायऱ्या एका अक्षावर आहेत म्हणून कुठलाही व्यास चालेल असं वाटतं. पण बेअरिंग ज्या व्यासावर बसतं त्याच व्यासाला मेट द्या. उद्या दुसरी एखादी पायरी विकेंद्री झाली तर बेअरिंग भलतीकडे जाणार नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हे वेगळं का दिसतं? 'इन्सर्ट' म्हणजे काय?

दोन पद्धती आहेत. एकीत छोटे मेट एकावर एक रचून हवी ती स्थिती मिळवतात. सॉलिडवर्क्स, कॅटिया आणि इन्व्हेंटरचे जुने कन्स्ट्रेंट असे चालतात. दुसरीत आधीच विचारलं जातं की हा सांधा कसला: फिरणारा, सरकणारा, दोन्ही करणारा, की पक्का. फ्यूजन, ऑनशेप, आणि आवृत्ती १.० पासून स्वतःचं असेंब्ली वर्कबेंच असलेलं फ्रीकॅड या वाटेने जातात. तिथे एकच जॉइंट सगळं सांगतो. गोल पार्टसाठी रिव्हॉल्यूट म्हणजे फक्त फिरणं, सिलिंड्रिकल म्हणजे फिरणं आणि सरकणं.

इन्सर्ट हा या दोघांच्या मधला. इन्व्हेंटरमध्ये तो दोन गोल कडा घेऊन अक्षही जुळवतो आणि फेसही टेकवतो. बोल्टसाठी याहून सोपं काही नाही. सॉलिडवर्क्समध्ये आल्ट दाबून पार्टची गोल कड भोकाच्या कडेवर ओढली की कॉन्सेंट्रिक आणि कोइन्सिडंट दोन्ही एकदम लागतात.

क्रिओ वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अक्ष जुळले आणि फेस टेकला की क्रिओ उरलेल्या फिरण्याबद्दल स्वतःच गृहीत धरतो आणि पार्ट पूर्ण बांधल्याचं सांगतो. वॉशरला हे ठीक. की-वे असलेल्या पार्टला 'अलाउ अझम्प्शन्स'ची खूण काढून तिसरा कन्स्ट्रेंट स्वतः द्या.

पार्ट बरोबर अक्षावर येतो, पण उलटा बसतो.

मेटमध्ये 'अलाइन्ड' आणि 'अँटी-अलाइन्ड' असा पर्याय असतो, तो बदला. मेट देण्याआधी पार्ट हाताने साधारण योग्य दिशेला फिरवून ठेवला तर बहुतेक वेळा ही वेळच येत नाही, कारण सॉफ्टवेअर जवळचं उत्तर पकडतं.

ज्या पार्टचं उलटेपण डोळ्यांना दिसत नाही त्यांच्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. साधं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग दोन्हीकडून सारखं. अँग्युलर कॉन्टॅक्ट किंवा टेपर रोलर बेअरिंग तसं नाही. ते एकाच बाजूचा अक्षीय भार घेतं आणि जोडीने लावताना पाठीला पाठ की तोंडाला तोंड हे डिझाइनमध्ये ठरलेलं असतं. ऑइल सीलचा ओठही तसाच, कुठल्या बाजूचं तेल अडवायचं त्या बाजूला. कॅड दोन्ही दिशा बिनतक्रार स्वीकारतो. सेक्शन व्ह्यू उघडून बघितल्याशिवाय असे पार्ट पुढे पाठवू नका.

फ्लँजची दोन भोकं जुळवताना दुसरा कॉन्सेंट्रिक मेट लागतच नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या भोकाचा कॉन्सेंट्रिक लागला की फ्लँज त्या भोकाभोवती फिरू शकतो, इतकंच उरतं (फेस टेकवलेला आहे असं धरू). दुसऱ्या भोकाने फक्त ते फिरणं थांबवायला हवं. पण दुसरा कॉन्सेंट्रिक त्याहून बरंच जास्त मागतो: दोन भोकांमधलं अंतर दोन्ही पार्टमध्ये तंतोतंत सारखं असावं, असाही त्याचा आग्रह असतो.

आता उदाहरण घ्या. एका पार्टमध्ये १०० मिमीच्या पिच सर्कलवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्यावर) चार भोकं आहेत. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर ७०.७१०७ मिमी येतं. समोरच्या पार्टमध्ये कुणी तीच भोकं चौकोनी मापाने, ७०.७ मिमी अशी दिली आहेत. फरक एक शतांश मिमीचा. कारखान्यात बोल्ट सहज जाईल, कारण भोक बोल्टपेक्षा मोठं असतं. कॅडमध्ये मात्र दोन अक्ष एकतर जुळतात किंवा जुळत नाहीत. त्याच्याजवळ 'चालेल' नाही.

खऱ्या जगात हा प्रश्न टूलरूमने फार पूर्वी सोडवला आहे. फिक्स्चरवर पार्ट दोन पिनांवर बसवतात तेव्हा एक पिन पूर्ण गोल असते आणि दुसरी दोन बाजूंनी घासून डायमंडच्या आकाराची केलेली असते. गोल पिन जागा ठरवते. डायमंड पिन फक्त फिरणं अडवते आणि दोन भोकांच्या अंतरातला फरक सोसते. तेच मॉडेलमध्ये करायचं. पहिल्या भोकाला कॉन्सेंट्रिक द्या. दुसऱ्या भोकाचा अक्ष समोरच्या पार्टमधल्या अशा प्लेनवर कोइन्सिडंट करा, जे दोन्ही भोकांच्या अक्षांतून जातं. अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी हा मेट तुटत नाही. दुसऱ्या जागी स्लॉट असेल तर स्लॉट मेट हेच काम करतो.

सॉलिडवर्क्समध्ये दुसऱ्या कॉन्सेंट्रिकला 'मिसअलाइनमेंट' मुभा देण्याची सोयही आहे. ती वापरावी, पण आधी अंतर का जुळत नाही ते शोधून. वरच्या उदाहरणात खरा उपाय ७०.७ हे माप काढून तिथे १०० मिमीचं पिच सर्कल देणं हाच आहे.

फ्लँजला स्पिगट असेल, म्हणजे मधला गोल उंचवटा समोरच्या खोबणीत बसत असेल, तर मुळात भोकांपासून सुरुवातच करू नका. अक्ष स्पिगट ठरवतो, बोल्ट ठरवत नाहीत. कॉन्सेंट्रिक स्पिगटला, कोइन्सिडंट फेसला, आणि भोकांचा उपयोग फक्त कोनासाठी.

बारा बोल्ट आहेत. बाराही वेळा मेट द्यायचे?

अजिबात नाही. एक बोल्ट, एक वॉशर, एक नट बसवा आणि भोकांच्या पॅटर्नवर चालणारा कॉम्पोनंट पॅटर्न करा. भोकं बारावरून सोळा झाली की बोल्टही सोळा होतात. मात्र पहिला बोल्ट पॅटर्नच्या मूळ भोकातच बसवा.

पाइपच्या फ्लँजवर भोकं कुठल्या कोनात ठेवायची?

पाइपिंगमध्ये रूढ पद्धत अशी की भोकं उभ्या मध्यरेषेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना सारखी यावीत. प्रमाणित फ्लँजवर भोकांची संख्या चारच्या पटीत असते, त्यामुळे हे नेहमी साधतं. चार भोकं असतील तर पहिलं ४५ अंशांवर, आठ असतील तर २२.५ वर, बारा असतील तर १५ वर.

पार्ट काढतानाच भोकं अशी मांडली की असेंब्लीत प्लेनला प्लेन जुळवणं पुरतं. पहिलं भोक मध्यरेषेवर ठेवून नंतर असेंब्लीत अर्ध्या पिचचा कोन देत बसलात, तर एखादा फ्लँज राहून जातोच.

की-वे असलेला शाफ्ट आणि पुली यांचा कोन कसा जुळवू?

विड्थ मेटने. शाफ्टच्या की-वेच्या दोन भिंती आणि कीच्या दोन बाजू निवडल्या की की मधोमध येते. मग तीच की पुलीच्या की-वेच्या दोन भिंतींमध्ये तशीच. दोन्ही की-वेंच्या रुंदीत टॉलरन्सचा फरक असला तरी मधोमधपणा टिकतो. एका बाजूची भिंत कोइन्सिडंट केली तर तो टिकत नाही.

वरच्या बाजूचं मात्र नीट बघा. २५ मिमी शाफ्टला प्रमाणित पॅरलल की ८ × ७ मिमीची असते. शाफ्टमध्ये खोली ४ मिमी, हबमध्ये ३.३ मिमी. बेरीज ७.३, की ७. वर ०.३ मिमीची फट राहते आणि ती राहायलाच हवी, कारण ही की बाजूंनी जोर देते. की शाफ्टच्या की-वेच्या तळाला टेकवा. पुलीच्या की-वेच्या माथ्याला मेट दिलात तर शाफ्ट आणि पुलीचे अक्ष ०.३ मिमीने सरकवायची मागणी केल्यासारखं होतं, आणि सॉफ्टवेअर नकार देतं.

पार्टवर ना भोक, ना की-वे. कोनासाठी धरू तरी काय?

पार्टची स्वतःची प्लेन. आणि ती धरता यावीत म्हणून पार्ट काढतानाच काळजी घ्यायची: अक्ष ओरिजिनमधून जाऊ द्या, आणि ओरिजिन त्या फेसवर ठेवा जो यंत्रात टेकतो. मग तीनपैकी दोन मुख्य प्लेन अक्षातून जातात, तिसरं टेकणारा फेस असतं. रिव्हॉल्व्हने काढलेल्या पार्टसाठी ही शिस्त मी कधीच मोडत नाही. सेक्शन व्ह्यू मधोमध येतो, मिरर नीट होतो, कोन देता येतो, आणि पार्टच्या आकारात कितीही बदल झाला तरी ही प्लेन जागची हलत नाहीत.

कोनाचा मेट देताना शून्य आणि १८० अंश टाळा. या दोन्ही टोकांना सॉफ्टवेअरचा दिशेबद्दल गोंधळ होतो आणि रीबिल्डनंतर पार्ट पलटी खातो. तिथे पॅरलल किंवा कोइन्सिडंट मेट जास्त स्थिर राहतो.

दोन बेअरिंगांवरचा शाफ्ट हाउसिंगमध्ये कसा बसवायचा?

इथे मेटचा विचार आणि डिझाइनचा विचार एकच होऊन जातो, म्हणून हा भाग मला फार आवडतो.

दोन्ही बेअरिंगं आधी शाफ्टवर चढवा. ६२०५ असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी. आतल्या रिंगचा कॉन्सेंट्रिक शाफ्टच्या सीटला, रिंगचा फेस शोल्डरला. ही सबअसेंब्ली झाली. आता ती हाउसिंगमध्ये नेताना एकाच बेअरिंगला धरा: त्याच्या बाहेरच्या व्यासाला कॉन्सेंट्रिक, बाहेरच्या रिंगच्या फेसला कोइन्सिडंट. दुसऱ्या बेअरिंगला हाउसिंगशी कुठलाच मेट देऊ नका.

कारण खऱ्या यंत्रातही असंच असतं. एक बेअरिंग शाफ्टला अक्षाच्या दिशेने धरतं, दुसरं सरकायला मोकळं ठेवतात. स्टील एका अंशाला दर मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर लांबतं. ५०० मिमीचा शाफ्ट हाउसिंगपेक्षा ४० अंशांनी जास्त तापला तर तो जवळपास ०.२४ मिमी लांब होतो. दोन्ही बेअरिंगं दोन्हीकडून घट्ट धरली तर ही वाढ बेअरिंगच्या गोळ्यांवर जाते. मॉडेलमध्ये दोन्ही रिंगा शोल्डरला टेकवायचा प्रयत्न केल्यावर जो 'ओव्हर-डिफाइन्ड'चा इशारा येतो, तो खरं तर डिझाइनबद्दल काहीतरी सांगत असतो.

दुसरं बेअरिंग आपोआप आपल्या भोकात येऊन बसायला हवं. नाही बसलं तर हाउसिंगचं माप चुकलं आहे. सेक्शन काढून मोजा आणि ते दुरुस्त करा.

दोन वेगळे प्लमर ब्लॉक (बेसवर बोल्टने बसणारी बेअरिंगची घरं) असतील तर क्रम थोडा बदलतो. पहिला ब्लॉक बेसवर पक्का, शाफ्ट पहिल्या ब्लॉकमध्ये, दुसरा ब्लॉक शाफ्टवर कॉन्सेंट्रिक. मग दुसऱ्या ब्लॉकच्या तळाचा बेसशी मेट लागतो का ते बघा. नाही लागला तर दोन्ही ब्लॉकची मध्य-उंची वेगळी आहे, आणि हे कळण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

भोक २५ आणि शाफ्टही २५ मिमीचा काढू, की टॉलरन्सप्रमाणे लहान-मोठा?

सहसा दोन्ही २५. टॉलरन्स मापावर लिहा, आकारात नको. २५ एच७ म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१, २५ जी६ म्हणजे शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, मोकळीक ०.००७ ते ०.०४१ मिमी. मेटच्या दृष्टीने या आकड्यांनी काहीच बदलत नाही, अक्ष तोच राहतो. पी६ सारखा प्रेस फिट असला तरी तेच.

इंटरफिअरन्स, म्हणजे पार्ट एकमेकांत घुसलेत का ते, तपासताना दोन सारखे व्यास नुसते एकमेकांना लागलेले दिसतात. 'लागलेलं म्हणजेच घुसलेलं' असं मोजणारा पर्याय चालू असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक बेअरिंग यादीत येईल. एम८ बोल्ट ६.८ मिमीच्या टॅप भोकात असेल तर आटे दिसत नसल्यामुळे तो घुसलेला दाखवतो. ते खोटं इंटरफिअरन्स आहे, वेगळं काढून ठेवा. ओ-रिंगचंही तसंच: ती दबलेल्या आकारात काढा किंवा तिचं इंटरफिअरन्स मुद्दाम आहे असं नोंदवून ठेवा.

मी कॉन्सेंट्रिक मेट दिला आहे. मग ड्रॉइंगवर कॉन्सेंट्रिसिटीचं टॉलरन्स द्यायची गरज आहे का?

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेट म्हणतो, मॉडेलमध्ये अक्ष एक आहे. तयार पार्ट लेथवरून किती सरळ उतरेल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. एकाच पार्टवरच्या दोन व्यासांचा संबंध तर मेटमध्ये येतच नाही, आणि यंत्रात कंप होतो तो बऱ्याचदा तिथूनच.

ते ड्रॉइंगवरच सांगावं लागतं. अमेरिकन प्रमाण एएसएमई वाय१४.५ च्या २०१८ च्या आवृत्तीतून कॉन्सेंट्रिसिटीचं चिन्ह काढून टाकलं आहे. त्याऐवजी पोझिशन, रनआउट (पार्ट फिरताना पृष्ठभाग किती आत-बाहेर होतो ते) किंवा प्रोफाइल वापरतात. आयएसओ ११०१ मध्ये कोअॅक्सिअॅलिटी अजून आहे. फिरणाऱ्या पार्टसाठी मी रनआउट देतो, कारण डायल लावून पार्ट फिरवला की ते लगेच मोजता येतं. डायलवर ०.०५ मिमी दिसलं आणि व्यास नीट गोल असला, तर अक्ष ०.०२५ मिमीने सरकलेला आहे.

बाहेरून आलेल्या फाइलमध्ये गोल फेस निवडला तर कॉन्सेंट्रिकचा पर्यायच येत नाही.

तो फेस गोल दिसतो, पण सॉफ्टवेअरला तो दंडगोल म्हणून कळलेला नाही. स्टेप फाइलमध्ये दंडगोल सहसा दंडगोलच राहतो. आयजीईएसमध्ये तो बऱ्याचदा स्प्लाइनचा पृष्ठभाग होऊन येतो आणि मग त्याला अक्ष नसतो. शक्य असेल तर पाठवणाऱ्याकडून स्टेप मागवा. नसेल तर टोकाच्या सपाट फेसवर कडेच्या तीन बिंदूंतून वर्तुळ काढा, त्याच्या केंद्रातून फेसला लंब असा अक्ष बनवा आणि मेट त्या अक्षाला द्या.

एसटीएल फाइल म्हणजे नुसते त्रिकोण. तिथेही हाच मार्ग, पण बिंदू कोपऱ्यांवरच घ्या. ४० मिमी व्यासाचा दंडगोल २४ पट्ट्यांचा झाला असेल आणि कोपरे खऱ्या वर्तुळावर असतील, तर पट्टीचा मध्य ०.१७ मिमी आत पडतो. एक बिंदू कोपऱ्यावर आणि दोन मधे घेतले की केंद्रच सरकतं.

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवायचा आहे. कॉन्सेंट्रिकसाठी भोकच नाही.

टँजंट मेट दोनदा, व्हीच्या दोन्ही बाजूंना. एक टँजंट दोन हालचाली घेतो, दोन मिळून चार. म्हणजे उरतं तेच, सरकणं आणि फिरणं, अगदी भोकात बसवल्यासारखं.

अंतराचा मेट देऊन शाफ्ट हवेत टांगू नका. ९० अंशांच्या व्हीमध्ये शाफ्टचा मध्य टोकापासून त्रिज्येच्या १.४१४ पट वर असतो. ४० मिमी शाफ्टला २८.२८ मिमी, ४२ मिमीला २९.७०. टँजंट असेल तर व्यास बदलताच उंची बदलते. अंतर हाताने भरलं असेल तर शाफ्ट व्हीमध्ये घुसतो.

शंकू आणि गोळा यांचं काय?

शंकूला शंकू कोइन्सिडंट केला की एकाच मेटमध्ये पाच हालचाली जातात. फक्त फिरणं उरतं. अट एकच, दोन्हींचा कोन तंतोतंत सारखा हवा. मिलिंगच्या ७:२४ टेपरचा अर्धा कोन ८.२९७१ अंश येतो. एकाने तो प्रमाणावरून काढला आणि दुसऱ्याने ८.३ लिहिला तर मेट लागत नाही. दोन्हीकडे प्रमाणच वापरा.

गोळ्यात गोळा बसवला तर फक्त तीन सरकणी जातात. रॉड एंडला तेच हवं असतं.

गिअर मेट दिला, पण दात एकमेकांत घुसलेले दिसतात.

गिअर मेट फक्त फिरण्याचं गुणोत्तर सांभाळतो. सुरुवातीला दात कुठे आहे ते त्याला माहीत नाही.

आधी केंद्रांतर बघा: मॉड्यूल २, दात २० आणि ४०, तर ६० मिमी. मग एका गिअरच्या दाताच्या मध्यातून आणि दुसऱ्याच्या खाचेच्या मध्यातून जाणारी प्लेन बनवा, दोन्ही कोइन्सिडंट करा, गिअर मेट द्या आणि नंतर तो कोइन्सिडंट सप्रेस (तात्पुरता बंद) करा. दोन्ही गिअरमध्ये दात मुख्य प्लेनवर काढला असेल तर ४० दातांचा गिअर ४.५ अंशांनी, म्हणजे अर्ध्या दाताने फिरवणं पुरतं. दातांची संख्या विषम असेल तर दाताच्या बरोबर समोर खाच येते, म्हणून तिथे आधी बघून मगच फिरवा.

सगळं लाल झालं आहे. सुरुवात कुठून करू?

मेट भराभर डिलीट करू नका. जो पार्ट शेवटी हलवला किंवा बदलला त्याचे सगळे मेट सप्रेस करा. लाल गेलं तर दोष तिथे आहे. मग एकेक मेट परत चालू करा आणि प्रत्येक वेळी पार्ट माउसने ओढून बघा: आत्ता कुठल्या हालचाली उरल्या आहेत? ज्या मेटनंतर लाल परत येतं तो नेहमी दोषी नसतो. बऱ्याचदा त्याच्या आधीच्या एखाद्या मेटने नको ती हालचाल बंद केलेली असते, उदाहरणार्थ फेसऐवजी चॅम्फरच्या कडेला दिलेला कोइन्सिडंट.

पहिला पार्ट जागेवर पक्का आहे ना, तेही तपासा. तो मोकळा असेल तर बाकी सगळे मेट बरोबर असूनही असेंब्ली वाटेल तिकडे जाते.

दुरुस्ती झाल्यावर एखाद्या शाफ्टचा व्यास मुद्दाम बदला, एका शोल्डरची लांबी ५ मिमीने वाढवा आणि रीबिल्ड करा. बेअरिंग शोल्डरबरोबर सरकलं, की-वेमधली की जागेवर राहिली आणि काहीच लाल झालं नाही, तर व्यास आणि लांबी परत पहिल्यासारखी करा आणि फाइल सेव्ह करा.